प्रवाळाची मजुरी



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. मी त्या पंक्तीतला नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे जे शिक्षण झाले ते दिवसा ओतकामाच्या कारखान्यात आणि रात्री सार्वजनिक वाचनालयात. कामगार संघटनेचा माणूस प्रवाळावर काय बोलणार, असे आपल्याला वाटले असेल. पण या विषयाकडे मी आलो तो कारखान्याच्याच वाटेने, हे पुढे ध्यानात येईल.

प्रवाळ म्हटले की आपल्याला अंगठीतले तांबडे पोवळे आठवते. ते निराळ्या कुळातले. मी सांगणार आहे ते उष्ण समुद्रात उथळ पाण्यात भित्तीच्या भित्ती रचणाऱ्या प्रवाळाविषयी. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत अशा प्रवाळभित्तींची २,३०० किलोमीटर लांबीची रांग आहे. तिला 'ग्रेट बॅरियर रीफ' म्हणतात. ती बांधणारे बहुतेक जीव नखाएवढे किंवा त्याहूनही लहान, मऊ अंगाचे. असा एकेक जीव आपल्या तळाशी चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, थर घालतो आणि त्या थरावर स्वतः चढून बसतो. हजारो वर्षे हेच काम चालले, तेव्हा ही भिंत उभी राहिली.

हे बांधकाम चालते कसे? जीवाच्या तळाची त्वचा आणि जुना सांगाडा यांच्यामध्ये अतिशय पातळ फट असते. समुद्रातला कॅल्शियम त्या फटीत आणायचा आणि हायड्रोजनचे आयन, म्हणजे आम्लाचा अंश, बाहेर उपसायचा. असे झाले की फटीत कार्बोनेट वाढते आणि स्फटिक धरू लागतात. पाझर असलेल्या विहिरीचे पाणी जसे सतत उपसावे लागते, तशीच ही उपसणी. तिला शक्ती लागते. ती पुरवते प्रवाळाच्या अंगातच राहणारे सूक्ष्म शैवल. ते उन्हाच्या बळावर साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा प्रवाळाला देते. म्हणजे एका बाजूला शैवलाची कमाई, दुसऱ्या बाजूला उपसणीचा खर्च. या दोहोंचा मेळ बसला तरच सांगाडा वाढतो. कामगाराच्या संसाराचे गणित याहून निराळे नसते.

आता खर्चाची बाजू पाहू. कोळसा, तेल व वायू जाळून आणि जंगले तोडून आपण हवेत जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात त्याचे कार्बोनिक आम्ल होते. कोणी म्हणतील, समुद्र अजून आम्ल झालेला नाही. खरे आहे. आम्लता मोजण्याच्या पी-एच या मापाने समुद्राचा पृष्ठभाग औद्योगिक युगापूर्वी सुमारे ८.२ होता, तो आता ८.१ च्या आसपास आला आहे. म्हणजे अजून क्षाराच्याच बाजूला. पण या मापाची पायरी दसपटीची असते. एवढ्याशा फरकात हायड्रोजनचे आयन पाव हिश्श्याहून अधिक वाढले. ते कार्बोनेटला पकडून त्याचे बायकार्बोनेट करतात. बांधकामाचा माल कमी झाला आणि उपसणी वाढली. यालाच मी महागाई म्हणतो.

महागाईत संसाराचे काय होते? बाहेरून कपडे तेच दिसतात, ताटातले कमी होते. प्रवाळाचेही तसेच. 'पोराइट्स' नावाच्या गोल, दगडासारख्या प्रवाळाच्या सांगाड्याचे एक्स-रे काढले, की झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षांची वळी दिसतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की कार्बोनेट कमी झाले तरी पोराइट्सची उंची वाढण्याचा वेग फारसा बदलत नाही. घटते ती सांगाड्याची घनता. हे वाचले आणि मला आमच्या खात्यातले एक कास्टिंग आठवले. माप बरोबर, वर एक चरा नाही. एक्स-रे काढला तर आत ब्लोहोलच ब्लोहोल. आम्ही ते टाकून दिले. असला पोकळ सांगाडा लाटांनी लवकर मोडतो आणि पोखरणाऱ्या जीवांना सहज पोखरता येतो.

हे केवळ प्रयोगशाळेतले अनुमान नव्हे. ग्रेट बॅरियर रीफच्या दक्षिण टोकाकडे वन ट्री नावाचे बेट आहे. तिथे २०१४ साली रिबेका ऑलब्राइट, केन काल्डेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भित्तीवरून वाहणाऱ्या पाण्यात क्षार मिसळून त्याचे रसायन औद्योगिक युगापूर्वीच्या पाण्याच्या जवळ नेले. चुना साठण्याचा वेग सुमारे ७ टक्क्यांनी वाढला. पुढे त्यांनी उलट प्रयोग केला. कार्बन डायऑक्साइड मिसळलेले पाणी सोडले. वेग सुमारे एक तृतीयांशाने घटला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले.

आता कमाईची बाजू. थंड पाण्यात थोडी ऊब वाढली तर सांगाडा वेगानेही वाढतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण तिला मर्यादा आहे. नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाददुसऱ्या अंशाने तापून काही आठवडे तसेच राहिले, की शैवलाचे काम बिघडते, त्यातून घातक द्रव्ये निर्माण होतात आणि प्रवाळ शैवलाला बाहेर टाकतो. तो पांढराफटक पडतो. लगेच मरत नाही. पण कमाई थांबलेली, म्हणून बांधकामही जवळजवळ थांबते. उष्मा लांबला तर उपासमारीने मरतो. २०१६ च्या उष्णतेच्या लाटेत ग्रेट बॅरियर रीफवरचे सुमारे ३० टक्के प्रवाळ अवघ्या ९ महिन्यांत गेले. त्यानंतर २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ साली पुन्हा मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडले. महागाई आणि बेकारी एकाच घरात एकाच वेळी शिरावी, तशी ही गत आहे.

मित्रहो, याच भिंतीशी कामगार चळवळीचा एक अभिमानास्पद संबंध आहे. तिथे तेलासाठी विहिरी खोदण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १९७० साली क्वीन्सलँडमधल्या कामगार संघटनांनी त्या कामावर बहिष्कार पुकारला. रोजगार नको होता म्हणून नव्हे. तो रोजगार कशाच्या मोलाने येतो हे त्यांनी ओळखले होते म्हणून. पुढे १९७५ साली या भित्तीच्या रक्षणाचा कायदा झाला.

परंतु विहीर खोदणारे यंत्र अडवता येते. पाण्यात विरघळणारा वायू बहिष्काराने अडत नाही. तो कुठल्याही देशाच्या धुराड्यातून निघतो. त्याच क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरून पोलादासाठी लागणारा कोळसा जहाजांनी बाहेर जातो आणि भारत त्याचा मोठा गिऱ्हाईक आहे. मी स्वतः वीस वर्षे कुपोला भट्टीत कोक टाकला आहे. त्यावर माझी मुले शिकली. तेव्हा मी कुणाकडे बोट दाखवू?

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. भट्टी बदलावी लागेल, हे आम्ही कामगारांनी आधी मान्य केले पाहिजे. पण ती बदलताना त्या भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाला नवे काम शिकवण्याचा आणि तोवर त्याची चूल पेटती ठेवण्याचा खर्च उद्योगाने आणि सरकारने उचलला पाहिजे. तो त्याच्या एकट्याच्या मजुरीतून कापला, तर तो बदलाच्या विरुद्ध उभा राहील, आणि त्याला मी दोष देणार नाही. ही मागणी आमच्या मागणीपत्रकात बोनसच्या शेजारी यावी, यासाठी मी गेली काही वर्षे भांडतो आहे. आमच्याच सभांतून पुष्कळ वेळा हरलो आहे. तरी भांडणार आहे.

प्रवाळाला संघटना नाही, तो मागणीपत्रक देत नाही. त्याच्या वतीने कुणीतरी दोन शब्द बोलावेत, म्हणून मी आज इथे उभा राहिलो.