‘लोक काय म्हणतील’ हे लोकांनाच विचारू या



आज मला एकच मुद्दा मांडायचा आहे, आणि त्यावर आपण भांडावं अशी इच्छा आहे.

आपल्याकडे सामाजिक प्रश्न उभा राहिला की पहिला उपाय ठरलेला असतो : जनजागृती. प्रभातफेरी, पथनाट्य, भिंतीवरची घोषवाक्यं. लोकांना कळत नाही म्हणून ते तसे वागतात, हे त्यामागचं गृहीत. माझं म्हणणं असं की, पुष्कळदा लोकांना कळलेलं असतं. शेजाऱ्यालाही ते कळलं आहे, एवढंच त्यांना ठाऊक नसतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता. जनावराचं हृदय, गुर्दे असे भाग गृहिणींनी रांधावेत, अशी सरकारची इच्छा होती. ते काम समाजमानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांच्याकडे आलं. आयोवा राज्यात त्यांनी काही गटांना उत्तम व्याख्यान दिलं : जीवनसत्त्वं, देशकार्य, पाककृती. इतर गटांत बायकांनाच बोलू दिलं. नवरा नाक मुरडेल, शिजवताना वास येईल, सगळं निघालं. शेवटी विचारलं, येत्या आठवड्यात कोण करून पाहणार? हात वर झाले. नंतरच्या चौकशीत व्याख्यानवाल्या गटांतल्या अवघ्या ३ टक्के बायकांनी नवा पदार्थ केला होता. चर्चेच्या गटांतल्या ३२ टक्के बायकांनी.

पण यातलं औषध नेमकं कोणतं? चर्चा, निर्णय, की चारचौघांत वर केलेला हात? १९५५ मध्ये संशोधक एडिथ बेनेट यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग करून हे घटक सुटे केले. चर्चा अपरिहार्य ठरली नाही, जाहीर हातही नाही. महत्त्वाच्या ठरल्या दोन गोष्टी : निर्णय घेण्याची वेळ येणं, आणि आपल्यातले बहुतेक याच बाजूचे आहेत असं वाटणं.

हे सूत्र उलटंही फिरतं. ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट या राष्ट्रीय उद्यानात पर्यटक अश्मीभूत लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे दोन प्रकारच्या पाट्या लावून पाहिल्या. ‘पूर्वी अनेकांनी लाकूड नेलं, त्यामुळे उद्यानाचं रूप पालटलं’ अशा आशयाच्या पाटीजवळून, त्यांनी खूण करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी सुमारे ८ टक्के गेले. ‘कृपया नेऊ नका’ म्हणणाऱ्या पाटीजवळून २ टक्क्यांहून कमी. आपली किती पोस्टर्स पहिल्या पाटीची भावंडं आहेत, याचा हिशेब करा. ‘आजही हजारो बालविवाह होतात’ असं आपण तळमळीने लिहितो. मुलीच्या बापाच्या कानावर पडतं ते वेगळंच : म्हणजे सगळेच करतात तर!

आता घराजवळ येऊ. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला : नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. मानसशास्त्राच्या दृष्टीने ग्रामसभा आणि परिपत्रक या दोन निराळ्या जातीच्या गोष्टी आहेत. ग्रामसभेत माणूस निर्णय घेतो आणि शेजाऱ्याचाही कल पाहतो. परिपत्रक फलकावर लागतं. दुसरं पाठवून पहिल्याचा परिणाम मिळेल, अशी आशा धरू नये.

ठराव हा आरंभ आहे. पुढच्या संक्रांतीला नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं का, हे आपलं मोजमाप.

इथे दोन पथ्यं सांगतो. पहिलं : ‘लोक काय म्हणतील’ ही भीती दर वेळी गैरसमजातून येत नाही. जातपंचायत खरोखर वाळीत टाकत असेल, तर एकट्या कुटुंबाला धीर देणारं भाषण ही क्रूर थट्टा आहे. तिथे आधी कायद्याचा आधार हवा. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो त्यासाठीच. दुसरं पथ्य : लाज हे हत्यार वापरू नका. हागणदारीमुक्तीच्या काळात पहाटे लोटा घेऊन निघालेल्यांना पकडणारी ‘गुड मॉर्निंग पथकं’ आपण पाहिली. ज्या घरात पाणीच नाही, तिथल्या बाईला चारचौघांत ओशाळवून सवय नव्हे, फक्त वेळ बदलते.

तेव्हा माझा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक महाविद्यालयाच्या मानसशास्त्र विभागाने एक प्रश्न आणि जवळची काही गावं निवडावीत. घरोघर, एकांतात, दोनच गोष्टी विचाराव्यात : तुमचं स्वतःचं मत काय? आणि गावातल्या बहुतेकांचं काय असेल? दोन्ही उत्तरांत अंतर सापडलं, तर निम्म्या गावांत ते खरं मत नावं न घेता ग्रामसभेपुढे ठेवावं. उरलेल्या गावांत तूर्त ठेवू नये. वर्षाने दोन्हीकडचं वागणं मोजावं. अंतर सापडलंच नाही, बहुमत खरोखर रूढीच्याच बाजूचं निघालं, तर ते आकडे मिरवू नयेत. तिथे पाट्यांचा अनुभव आठवावा आणि निराळा मार्ग धरावा.

हे निष्कर्ष मराठीत छापावेत, फसलेल्या प्रयोगांसकट. कोणता उपाय चालत नाही हे सांगणारा विभाग सरपंचाचा पैसा वाचवतो, आणि ज्या लोकांवर पुन्हा तोच उपाय लादला गेला असता, त्यांचा वेळही.

समाजाला शहाणं करायला आपण निघालो आहोत, हा भाव आधी सोडू या. समाजात असलेला शहाणपणा एकमेकांना दिसेल एवढी सोय केली, तरी आपल्या शास्त्राला दोन पिढ्यांचं काम पुरेल.