घोट्यातील कूर्चा : शस्त्रक्रियेनंतरची वाटचाल

नडगीचे हाड, त्याच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड आणि या दोघांच्या खोबणीत बसणारे टॅलस नावाचे हाड यांचा मिळून घोट्याचा सांधा बनतो, आणि या हाडांच्या टोकांवर कूर्चेचा, म्हणजे गुळगुळीत व लवचीक ऊतीचा, जेमतेम एक ते दोन मिलिमीटर जाडीचा थर असतो. पाय जोरात मुरगळला असता टॅलसचा माथा खोबणीच्या कडेवर आपटून हा थर, कधी खालच्या हाडासकट, दुखावतो; मग मुरगळ बरी झाल्यावरही सांधा सुजत, दुखत किंवा अडकत राहतो.

या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती स्वतःहून नीट भरून येत नाही. ही गोष्ट विल्यम हंटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. तिच्यात मज्जातंतूही नसतात, त्यामुळे वेदना थांबली एवढ्यावरून जखम भरली असे मानता येत नाही. तिचे पोषण सांध्यातील वंगणद्रवातून होते आणि सांधा हलल्याने, दाब पडून सुटल्याने ते पेशींपर्यंत पोहोचण्यास मदत होते. शस्त्रक्रियेनंतरचे सारे नियम या तीन वैशिष्ट्यांवर आधारलेले आहेत.

इजा लहान असल्यास दुर्बिणीतून सैल कूर्चा काढून खालच्या हाडाला तीन-चार मिलिमीटर अंतरावर बारीक छिद्रे पाडली जातात. या पद्धतीला मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात. छिद्रांतून अस्थिमज्जेतील रक्त व पेशी येऊन गुठळी धरतात आणि तिच्यापासून काही महिन्यांत तंतुमय कूर्चा तयार होते, जी मूळ कूर्चेइतकी टिकाऊ नसली तरी उपयोगी ठरते. इजा मोठी असल्यास गुडघ्यातून घेतलेला हाड-कूर्चेचा तुकडा बसवणे किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या कूर्चापेशींचे रोपण करणे, असे पर्याय असतात.

सुरुवातीची गुठळी नाजूक असल्याने साधारणतः दोन ते सहा आठवडे कुबड्या वापरून पायावर भार टाळला जातो. मात्र शल्यचिकित्सकाने परवानगी देताच भार न देता घोटा वरखाली हलवणे सुरू करायचे असते, कारण निव्वळ विश्रांतीने सांधा आखडतो आणि पोटरीचे स्नायू झडतात. या काळात पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असल्याने तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. त्यानंतर टप्प्याटप्प्याने भार वाढवणे, एका पायावर तोल सांभाळणे आणि चवड्यावर उभे राहून टाच उचलणे, असा क्रम येतो. तोलाचा सराव दुर्लक्षून चालत नाही, कारण घोट्याची स्थिती मेंदूला कळवणारी जाणीव इजेने मंदावलेली असते आणि ती परत आली नाही, तर खडबडीत रस्त्यावर पाय पुन्हा मुरगळतो. उकिडवे बसताना घोटा पूर्ण वाकून त्यावर दाब पडतो, म्हणून भारतीय पद्धतीचे शौचालय वापरणाऱ्यांनी काही महिने कमोडची सोय करून घ्यावी.

धावण्याची सुरुवात बहुधा तीन-चार महिन्यांनी आणि उड्या व वळणे असलेल्या खेळांकडे परतणे चार ते सहा महिन्यांनी होते. रोपणानंतर हा काळ वर्षापर्यंत लांबतो. तरीही खरा निकष कॅलेंडर नसून सांध्याचा प्रतिसाद हा आहे. आज वाढवलेल्या व्यायामानंतर उद्या सकाळी सूज किंवा ताठरपणा वाढलेला दिसला, तर एक पायरी मागे यावे, आणि दोन्ही पायांची ताकद व तोल जवळपास सारखे झाल्याशिवाय मैदानात उतरू नये. घाई नव्या ऊतीला चिरडते, तर भीतीपोटी धरलेली निष्क्रियता तिचे पोषण तोडते. म्हणूनच फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली नेमाने वाढवलेला भार हा शस्त्रक्रियेचाच उत्तरार्ध आहे, असे रुग्णाने व त्याच्या कुटुंबीयांनी मानले पाहिजे.