खिचडी नको म्हणणारं मूल

आज दुपारच्या सुट्टीबद्दल बोलू. शाळेतली खिचडी बहुतेक मुलं आवडीनं खातात. पण एखादं मूल ताट पुढ्यात आलं की कानांवर हात ठेवतं, नाक दाबतं, उठून पळतं. आपण लगेच म्हणतो, लाडावलंय.

माझा मुलगा तसाच. दुसरीत होता. दहाला घरून निघायचा, पाचपर्यंत पोटात काही नाही. दुपारनंतर शेजारच्याला ढकलायचा आणि तक्रार घरी यायची. तो उपाशी असतो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्यासुद्धा.

मग एकदा सुट्टीत जाऊन बसले. पत्र्याखालच्या व्हरांड्यात स्टीलची ताटं आपटत होती, बाई गं, तो आवाज! त्यात फोडणीचा वास, शेजाऱ्याचं कोपर, आणि मऊ भातात मध्येच कडक मटकी. आपल्याला याचं काही वाटत नाही. काही मुलांना, विशेषतः स्वमग्न मुलांना, हे सगळं फार तीव्रतेनं जाणवतं. तो हट्ट नसतो.

बाईंशी बोलले. त्यांनी त्याला ओळीच्या टोकाला, पातेल्यापासून लांब बसवलं, तेही घंटेच्या पाच मिनिटं आधी. ताटाऐवजी घरचा प्लास्टिकचा डबा. आमटी असेल त्या दिवशी शिजवणाऱ्या मावशी ती भातावर न ओतता वेगळ्या वाटीत द्यायच्या. खिचडीच्या दिवशी मी पोळी-गूळ द्यायचे. यात खर्च कसला?

एक मात्र करू नका. ‘एवढा घास खा, मग खेळायला जा,’ असं म्हणू नका. मी वर्षभर म्हणत होते. त्यानं तो ताटाला आणखीच भ्यायला लागला. नवा पदार्थ नुसता कडेला ठेवा. हात लावू दे, वास घेऊ दे, नाही खाल्ला तरी चालेल.

कुणी म्हणेल, एकाला सवलत दिली तर सगळे मागतील. आमच्याकडे दोघांनी मागितली, बाईंनी त्यांनाही टोकाला बसवलं. आणि ही मेहेरबानी नव्हे. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात स्वमग्नता आहे, आणि शाळेनं मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करावी असंही त्यात आहे.

मूल दोन-तीनच पदार्थ खात असेल, वजन घटत असेल, गिळताना ठसका लागत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

माझा मुलगा आता चौथीत आहे. खिचडी अजून खात नाही. आमटी-भात खातो, वेगवेगळा.