ताई, तुमचं पासबुक कुठंय?

(समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय मिळाला तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होते. बायकांवरच्या हिंसाचारावर बोल म्हटलं तर मी दोन तास बोलेन. पण आपल्या स्वतःच्या पगारावर बोलायचं म्हटलं की संकोच वाटतो. आपल्यात एकमेकींचा पगार विचारत नाहीत. म्हणून सुरुवात माझ्याच आकड्यांपासून करते.

मी २०१२ साली एम.एस.डब्ल्यू. झाले आणि ग्रामीण भागातल्या एका संस्थेत रुजू झाले. महिना ८,००० रुपये. २०२१ साली मी बाहेर पडले तेव्हा १५,००० होते. नऊ वर्षांत माझं पद 'कार्यकर्ती'वरून 'समन्वयक' झालं, पण व्हाउचरवरचा शब्द शेवटपर्यंत एकच राहिला : मानधन. पुढे तर कागदोपत्री मला 'सल्लागार' केलं आणि दहा टक्के कर कापून रक्कम हातात यायला लागली. भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची रजा 'समजुतीने'. कापलेला कर विवरणपत्र भरून परत मागता येतो, हेही मला तीन वर्षांनी कळलं.

मग सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेने परदेशातून आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. आमच्यासारख्या लहान संस्थांना पैसा मोठ्या संस्थांमार्फतच यायचा. तो आटला. दोन महिन्यांची सूचना देऊन प्रकल्प बंद झाला.

हे सांगायला मी एका बचत गटाच्या बैठकीत गेले. सात वर्षांपूर्वी मीच उभा केलेला गट. बारा जणी, महिना शंभर रुपये. सात वर्षांची नुसती मुद्दल १,००,८०० रुपये, वर कर्जाचं व्याज वेगळं. गटाच्या अध्यक्ष माझ्या आईच्या वयाच्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, ''ताई, आम्हाला तुम्ही दर महिन्याला बाजूला टाकायला लावलंत. तुमचं पासबुक कुठंय?''

माझ्या खात्यात त्या दिवशी ११,४०० रुपये होते. मी काही बोलले नाही. त्या समजल्या. म्हणाल्या, ''लागलं तर गटातून उचला. पण व्याज द्यावं लागेल हं, दोन टक्के. नियम तुम्हीच केलाय.''

सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन मात्र रडले.

मैत्रिणींनो, ही माझ्या एकटीची गोष्ट असती तर मी ती इथे सांगितली नसती. माझी एक सहकारी समुपदेशन केंद्रात काम करायची. तिच्या परवानगीने सांगते. नवरा मारायचा. तिने घर सोडायचं ठरवलं, खोलीही बघितली. अनामत रक्कम मागितली ३०,००० रुपये. ती तिच्याकडे नव्हती आणि आमच्यापैकी कुणाकडेच नव्हती. ती परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता केंद्रात बसून समोरच्या बाईला सांगत होती, ''स्वतःच्या नावावर थोडे तरी पैसे असू द्यावेत.'' हे ऐकलं तेव्हापासून मला वाटतं, कार्यकर्तीचा पगार हा खाजगी प्रश्न नाही. जी बाई स्वतः हिंसेतून बाहेर पडू शकत नाही इतकी कमी मिळकत आपण तिला देतो, आणि तिच्याकडून इतर बायकांच्या सुटकेची अपेक्षा करतो.

हे असं का होतं? आपल्याकडे समाजकार्याला त्यागाची मोठी परंपरा आहे. धोंडो केशव कर्व्यांनी १९०८ साली स्त्री-शिक्षणाच्या कामासाठी कार्यकर्ते घडवायला संस्था काढली, तिचं नावच 'निष्काम कर्ममठ'. त्या पिढीबद्दल मला आदर आहे. पण १९३६ साली मुंबईत समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था, आजची टाटा समाजविज्ञान संस्था, सुरू झाली, तेव्हाच हे काम शिकून करायचा व्यवसायही झालं. आपण पदवी व्यवसायाची घेतली आणि मोबदला मात्र त्यागाचा स्वीकारला. त्यात बायकांचं प्रमाण मोठं. बाई घरात राबते ते प्रेमापोटी, बाहेर राबते ते सेवाभावापोटी. हिशेब मागितला की ती व्यवहारी ठरते. घरकामाचं मूल्य मागणाऱ्या आपण, स्वतःच्या कामाचं मूल्य मागताना का गप्प बसतो?

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. समन्वयक झाल्यावर एका प्रकल्पाचं अंदाजपत्रक मीच केलं होतं. क्षेत्र कार्यकर्तीच्या रकान्यात ७,००० रुपये मीच लिहिले. तिने वाढवून मागितले तेव्हा, ''आपण नोकरी करतो का?'' असं मीच तिला ऐकवलं. मला जे ऐकवलं गेलं होतं तेच मी पुढे दिलं, सासूने सुनेला द्यावं तसं. संस्था चालवणाऱ्यांना सरसकट खलनायक ठरवणं म्हणूनच मला पटत नाही. माझ्या संस्थेच्या प्रमुख बाईंनाही निवृत्तीवेतन नव्हतं. पण कुणाचा हेतू चांगला आहे म्हणून हिशेब चुकायचा राहत नाही.

तो हिशेब मी नंतर मांडला. नऊ वर्षांचा माझा सरासरी पगार साडेअकरा हजार धरा. भविष्य निर्वाह निधीत कार्यकर्तीचे बारा टक्के आणि संस्थेचे बारा टक्के, म्हणजे महिना २,७६० रुपये. १०८ महिन्यांचे २,९८,०८०. व्याज धरलेलं नाही. यातले निम्मे माझ्याच पगारातून गेले असते हे खरं, आणि संस्थेच्या वाट्यातला काही भाग पेन्शनकडे जातो हेही खरं. पण ते सगळं माझ्या नावावर असतं. ग्रॅच्युइटी म्हणजे दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस सव्वीस धरून. शेवटच्या १५,००० वर नऊ वर्षांचे सुमारे ७८ हजार. दोन्ही मिळून पावणेचार लाख. 'सल्लागार' या एका शब्दाची ही किंमत.

माझी आई अंगणवाडी सेविका होती. तिलाही आयुष्यभर मानधनच मिळालं. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात निकाल दिला, की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत आणि त्यांचं मानधन हे वेतनच आहे. मी तो निकाल आईला वाचून दाखवला. ती एवढंच म्हणाली, ''म्हणजे आम्ही नोकरीच करत होतो तर.'' अर्थात हे तिला न्यायालयाने सांगितलं, पण आधी अनेक वर्षं सेविकांच्या संघटना सांगत होत्या. शिकलेल्या आपण मात्र अजून 'नोकरी' हा शब्द टाळतो.

आता करायचं काय, ते थोडक्यात सांगते.

पहिलं, कागद. नेमणूकपत्राशिवाय काम सुरू करू नका. त्यात पद, पगार, रजा, मुदत लिहिलेली हवी. वीस किंवा अधिक माणसं काम करत असतील तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो. त्याहून लहान संस्थेलाही स्वेच्छेने तो लावून घेता येतो. दहा किंवा अधिक माणसं असतील तर ग्रॅच्युइटी, २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती हे तुमचे हक्क आहेत. ग्रॅच्युइटीचा १९७२चा कायदा आता २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिच्यात ठराविक मुदतीच्या नेमणुकीवरच्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी आहे. आपल्यातल्या बहुतेकींची नेमणूक प्रकल्पापुरतीच असते, म्हणून हे नीट लक्षात ठेवा.

दुसरं, अंदाजपत्रक. पैसा आल्यावर पगार मागून उपयोग नसतो, कारण रकाने ठरलेले असतात. प्रस्ताव लिहितानाच निधी, ग्रॅच्युइटी, विमा, वार्षिक वाढ हे रकाने घाला. देणगीदार कापेल, कापू दे. पण त्याने कापावं, आपण आधीच खोडू नये.

तिसरं, स्वतःची बचत. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात, आपल्या एकटीच्या नावावर. एकदम होणार नाही. गटातल्या बायकांनी शंभरानेच सुरुवात केली. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं वर्षाला ५०० रुपये भरूनही चालू राहतं. बँकेतून वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवनविमा मिळतो. आपण वस्तीत याचे अर्ज भरून घेतो; आपला भरलाय का? आणि प्रत्येक खात्यावर वारस म्हणून कुणाचं नाव आहे, ते आज घरी जाऊन बघा.

चौथं, पुढची वाट. 'समन्वयक' म्हणजे शेवटचा टप्पा नव्हे. कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक, सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक, २००५च्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, महिला व बालविकास विभागातली पदं, महाविद्यालयातलं अध्यापन, अशा जागा आहेत. जाहिराती कमी निघतात, काही जागा कंत्राटी असतात, तरी अर्ज करायला हवेत. जागा निर्माणही करता येतात. १९८४ साली मुंबईत पोलिस यंत्रणेच्या आत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला, त्याआधी पोलिस ठाण्यात समाजकार्यकर्तीची खुर्ची असेल असं कुणाला वाटलं होतं? अनुभवाचं प्रमाणपत्र संस्था सोडतानाच घ्या. आणि वर्षातून काही दिवस शिकायला मिळावेत हीही मागणी करा.

पाचवं आणि सगळ्यात अवघड : एकमेकींना पगार सांगा. गुप्ततेचा फायदा कधी कार्यकर्तीला झालेला नाही.

मला विचारतील, चळवळीचं काय? पैशाच्या मागे लागलो तर बांधिलकी राहील का? माझा अनुभव उलटा आहे. त्या नऊ वर्षांत माझ्यासमोर अकरा कार्यकर्त्या काम सोडून गेल्या. बांधिलकी संपली म्हणून एकही गेली नाही. कुणाच्या मुलीची फी होती, कुणाच्या आईचं ऑपरेशन. त्या गेल्या आणि वस्तीतल्या बायकांना पुन्हा पहिल्यापासून कुणावर तरी विश्वास टाकावा लागला. कार्यकर्ती टिकली तर काम टिकतं.

आज मी दुसऱ्या संस्थेत आहे. नेमणूकपत्र आहे, निधी कापला जातो. ७,००० वर राबलेल्या त्या कार्यकर्तीला मी शोधून काढून भेटले, माफी मागितली. तिने चहा दिला आणि विचारलं, ''आता किती लिहिता रकान्यात?'' मी आकडा सांगितला. ती म्हणाली, ''अजून कमीच आहे.''

बरोबर आहे तिचं. मागच्या महिन्यात त्या गटाच्या बैठकीला गेले होते. जाताना पिशवीत पासबुक घेऊन गेले आणि अध्यक्षबाईंच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून पान न् पान बघितलं आणि म्हणाल्या, ''जूनमध्ये भरले नाहीत.''

जूनचे भरायचे राहिलेत. या महिन्यात दोन्ही भरेन.