मिरजेत आपले स्वागत



यकृत आणि किडनीच्या विकारांवरील ही परिषद मिरजेत भरते आहे, याचा आम्हा मिरजकरांना मनापासून अभिमान वाटतो. औषध आणि गाणे ही या गावाची दोन दैवते. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथे रुग्णालय काढले आणि दूरदूरचे रुग्ण मिरजेची वाट धरू लागले. शिकलगारांच्या हातांनी हत्यारे सोडून तंबोरे घडवले ते इथेच. त्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथल्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी नेणारी रेल्वेही मिरजेहूनच सुटली.

पण आज मला आठवण करून द्यायची आहे ती डॉ. भडभडे यांची. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्याने डोळे भाजल्यामुळे उपचारासाठी मिरजेत आला. दृष्टी पूर्ववत होईना. तेव्हा या मुलाला गाणे शिकवा, असे डॉक्टरांनीच सुचवले आणि तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकू लागला. तो मुलगा म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर! १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे! भडभडे यांच्या नावाचा साधा फलकही गावात असावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. आपला उपाय कुठे संपतो हे ओळखून रुग्णाला योग्य माणसाच्या हाती सोपवणे, यातच त्यांचा मोठेपणा होता.

आपल्या परिषदेचा विषयही मला तोच दिसतो. मी व्यापारी माणूस, पण घरोघरी हे पाहतो. मधुमेह आणि रक्तदाब किडनी खात असतात आणि दुखत काहीच नाही. लघवीला फेस येतो, पाय सुजतात, तरी माणूस सांधेदुखीच्या गोळ्या घेत राहतो. धाप लागल्यावर येतो तेव्हा पुष्कळदा डायलिसिसच उरते. वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन तपासले असते, तर वेळीच तज्ज्ञाकडे जाता आले असते. काविळीचेही तसेच. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय उपाय म्हणून गळ्यात घातलेल्या माळेला मिळते. मात्र रुग्ण बरळू लागला, सारखी झोप येऊ लागली, रक्ताची उलटी वा काळे शौच झाले, किंवा रुग्ण गरोदर बाई असली, तर माळ बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठायला हवे. गावातल्या डॉक्टरने हे ठामपणे सांगावे, एवढीच माझी आर्जवाची विनंती.

व्यवस्थेत उणिवा आहेत. निवासाच्या खोल्या दोन ठिकाणी विभागाव्या लागल्या, मंडपात पंखे कमी पडतील आणि वाहनतळ जरा लांब आहे. त्याबद्दल क्षमा असावी. जेवणात मीठ बेताचे ठेवले आहे, ते मात्र मुद्दाम! मार्केट यार्डातील व्यापारी, औषध विक्रेते, तंतुवाद्य कारागीर, मंडप आणि ध्वनिक्षेपकाचे पैसे नाकारणारे बंधू, नाव जाहीर करू नका म्हणणाऱ्या देणगीदार ताई, पहाटेपासून राबणाऱ्या परिचारिका विद्यार्थिनी, या सर्वांचा मी ऋणी आहे. परतीच्या गाडीसाठी संध्याकाळी पाचपासून दाराशी रिक्षा उभ्या असतील. भाडे समितीने दिले आहे.