पाठ झालं, आता अर्थही कळावा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)





आपल्या परंड्यातली लहान लहान लेकरं त्रिसरण-पंचशील घडाघडा म्हणतात, तेव्हा ऊर भरून येतो. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. त्याच बाबासाहेबांनी पुढे पालीचं व्याकरण आणि शब्दकोश तयार केला. राज्य शासनाने तो १९९८ साली सोळाव्या खंडात छापला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला.

पाठांतराला कुणी कमी लेखू नये. बुद्धवचन कित्येक पिढ्या भिक्खूंच्या मुखातच जपलं गेलं. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिंहलद्वीपात ते लिहून ठेवलं गेलं. पण त्या भिक्खूंना अर्थही ठाऊक होता. आपली पोरं नुसता आवाजच पाठ करणार असतील, तर न कळता पोथी ऐकण्याच्या जुन्या रीतीत आणि आपल्यात फरक तो काय?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात भदन्त चंद्रमणी महास्थवीरांनी बाबासाहेबांना त्रिसरण दिलं, ते पालीतून. नंतर बाबासाहेबांनी लोकांकडून २२ प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या, त्या मात्र मराठीतून. आपण काय कबूल करतोय, हे माणसाला कळलं पाहिजे ना!

आणि पाली काही फार परकी नाही. हत्थ म्हणजे हात, कण्ण म्हणजे कान, सत्त म्हणजे सात, अट्ठ म्हणजे आठ. वेरमणी म्हणजे दूर राहणे, समादियामि म्हणजे मी स्वीकारतो. दुतियम्पि म्हणजे दुसऱ्यांदाही. एवढं सांगितलं तरी लेकराचे डोळे चमकतात.

पाचव्या शीलात सुरा, मेरय, मज्ज हे शब्द येतात. तिन्ही दारूचेच. अर्थ कळलेलं लेकरू एक दिवस घरी विचारील, “बाबा, तुम्हीपण हे म्हणता ना?” त्या प्रश्नाला आपण भ्यायचं, की उत्तर द्यायचं, हे आपणच ठरवावं. आम्हाला वाटतं, तो प्रश्न घरात यावा.

म्हणून एवढीच विनंती. दर रविवारी वंदनेनंतर एका शब्दाचा अर्थ सांगावा. पुढच्या रविवारी तो मुलांनी सांगावा. आयाबायांनी आणि बापांनीही सोबत बसावं, कारण आपल्यापैकी कितीतरी जणांचंही नुसतं पाठच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!