समोर बसते कोन?



दर्यापुरातल्या जुन्या माणसापुढे बनोसा स्टेशनाचं नाव काढा, त्याला शकुंतला आठवेल. मुर्तिजापूर ते अचलपूर धावणारी ती छोटी गाडी खऱ्या अर्थानं कापसासाठी घातलेली होती. माणसं नंतर बसली. आता रुळांवर गवत आहे. माल मात्र थांबलेला नाही. फक्त त्याची दिशा उलटली. तेव्हा गाठी इथून मुंबईकडे जायच्या, आता सकाळी अमरावतीहून गाडी येते आणि मोबाइलची कव्हरं, साड्या, मिक्सरची भांडी, पोरांचे बूट असं सगळं उतरवून जाते. पाच-सहा पोरं ते आपापल्या पिशव्यांत भरतात, दुपट्टा डोक्याला गुंडाळतात, आणि येवदा, वडनेर गंगाई, लासूर अशा वाटांना लागतात.

यातलाच एक पोरगा माझ्या शेजारचा. गेल्या वर्षी एका सकाळी त्याच्या फोनवर निरोप आला, एका पार्सलमागे मिळणारे पैसे कमी झाले. का झाले, कोणी केले, कधीपर्यंत, काही नाही. मी म्हटलं, अरे, जाऊन बोल ना. तो म्हणाला, "काका, बोलू कोनासंग? समोर बसते कोन?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण मी उभं आयुष्य अशा बोलण्यांच्या बैठकीत काढलं, आणि तेही टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. अडतीच्या दुकानात मी मुनीम होतो.

बाजारातल्या हमालीच्या दराची बोलणी ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना सांगतो. आधी हमालांचं पत्र येतं: महागाई वाढली, जुन्या दराची मुदत संपली, दर वाढवून द्या. अडते ते पत्र आठ-पंधरा दिवस गल्ल्यात ठेवतात. मग एके दिवशी ऐन तुरीच्या आवकीत हमाल पोत्याला हात लावत नाहीत. गाड्या रांगेत, शेतकरी बोंबलतो, बाजार समितीचे सचिव मध्ये पडतात, आणि सगळे समितीच्या सभागृहात येऊन बसतात. तिथं चहा होतो. पहिला अर्धा तास मागच्या भांडणांत जातो. त्यानंतर कामाचे एकेक तुकडे टेबलावर पडतात: गाडीतून उतरवण्याचे किती, काट्यावर ठेवण्याचे किती, तोंड शिवण्याचे किती, थप्पी लावण्याचे किती, थप्पी पाचाच्या वर गेली तर किती. तुम्हाआम्हाला ‘हमाली’ हा एक शब्द दिसतो. त्या टेबलावर त्याची आठ-दहा कामं होतात आणि प्रत्येक कामाला पैशा-पैशानं किंमत लागते. मी स्वतः मालकाच्या बाजूनं पंचवीस पैशांसाठी घसा कोरडा केला आहे. समोरचा हमाल मला नावानं ओळखत होता, मी त्याला. संध्याकाळी तोच माझ्या दुकानातली पोती उचलणार होता. म्हणून बोलणं कितीही तापलं तरी तुटायचं नाही.

हे टेबल आकाशातून पडलं नव्हतं. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारात अण्णासाहेब पाटलांनी माथ्यावर ओझं वाहणाऱ्यांना एकत्र केलं, पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, तेव्हा कुठे 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्या वेळची अडचण आजच्यासारखीच होती. हमाल सकाळी एका व्यापाऱ्याकडे, दुपारी दुसऱ्याकडे, संध्याकाळी तिसऱ्याकडे. प्रत्येक जण म्हणायचा, हा माझा नोकर नाही. कायद्यानं त्यावर तोड काढली ती मला आजही हुशारीची वाटते. नोकर कोणाचा, हा वादच बाजूला ठेवला. मालकांचे, कामगारांचे आणि सरकारचे प्रतिनिधी घेऊन मंडळ बनवलं. व्यापाऱ्यानं मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मजुरी, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस हे मंडळानं द्यायचं. मालक दहा असोत की शंभर, हमालाचं खातं एक. बाजार समितीच्या कायद्यातही अठरा संचालकांत एक जागा हमाल-मापाऱ्यांची आहे. अठरात एक म्हणजे काही मोठी सत्ता नव्हे, पण त्या एकाला खुर्ची आहे. कायदा जितका रुंद लिहिला आहे तितका तो तालुक्याच्या बाजारापर्यंत पोचला, असं मात्र मी म्हणणार नाही.

ओझ्याचंच बघा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1967 साली शिफारस केली की एका प्रौढ पुरुषानं 55 किलोंपेक्षा जास्त वजन वाहू नये. आमच्याकडे क्विंटलचं पोतं त्यानंतरही कितीतरी वर्षं पाठीवर चढत होतं. ते पन्नास किलोच्या कट्ट्यावर आलं त्यामागे हमालांचा हट्ट आहे, नुसती शिफारस नाही.

आता पार्सलवाल्यांकडे वळू. सामान वाटणाऱ्यांचा करार कसा असतो, हे पाहायचं तर अमेरिकेतल्या यूपीएस कंपनीकडे बघावं लागतं. तिथल्या टीमस्टर्स संघटनेनं 1997 साली पंधरा दिवस संप केला, 1 लाख 85 हजार माणसं बाहेर पडली होती. 2023 मध्ये 3 लाख 40 हजार कामगारांचा करार संपत आला, पुन्हा संपाची तयारी झाली, आणि शेवटच्या आठवड्यात तडजोड झाली. कामगारांनी मतदान करून 86.3 टक्क्यांनी ती मान्य केली. त्यात पगारवाढ होतीच, पण मला जास्त भावलं ते दुसरं कलम: नव्या गाड्यांत एअर कंडिशनर. आमच्या मे महिन्यातल्या 45 अंशांत, खारपाण पट्ट्यातल्या झाड नसलेल्या रस्त्यावर मोटारसायकल हाकणाऱ्या पोराला हे सांगितलं तर तो हसेल. हसू दे. उष्णता हा बोलणीचा विषय होऊ शकतो, एवढं तरी त्याला कळेल.

इतकं लांबही जायला नको. आपल्या खेड्यातला ग्रामीण डाकसेवक पत्रांबरोबर पार्सलंही वाटतो. त्याला सरकार पूर्ण नोकर मानत नाही, त्याचा पगार म्हणजे कामाच्या तासांवरचा भत्ता. सर्वोच्च न्यायालयानं 1977 साली सांगितलं की हे नागरी पद आहे, तरी नियमित नोकरी काही मिळाली नाही. डाकसेवकांच्या वेतनासाठी नेमलेल्या कमलेश चंद्र समितीनं नोव्हेंबर 2016 मध्ये अहवाल दिला आणि तो दीड वर्ष पडून राहिला. मग 22 मे 2018 पासून देशभरचे डाकसेवक संपावर गेले. सोळाव्या दिवशी, 6 जूनला, मंत्रिमंडळानं वाढ मंजूर केली: डाकसेवकाला चार तासांच्या कामाला किमान 10 हजार, पाच तासांच्या कामाला 12 हजार. पुरेसे आहेत का, ते त्यांनाच विचारा. पण सरकार नावाचा कोणीतरी समोर होता, ज्याच्या दारात बसता आलं.

माझ्या शेजाऱ्याच्या समोर मात्र पडदा आहे, मोबाइलचा. त्याला ज्यानं कामावर घेतलं तो ठेकेदार, ठेकेदाराला ज्यानं काम दिलं ती कंपनी, आणि दर ठरवणारं कोण, ते या दोघांच्याही मागे कुठेतरी. सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली, तिच्यात गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द पहिल्यांदा केंद्राच्या कायद्यात आले. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या कल्याण निधीत द्यायची, असं तिच्यात आहे. चांगलं आहे. विमा मिळेल, अपघातात आधार मिळेल. पण दर कोणाशी बोलून ठरवायचा, हे त्या संहितेतून मिळत नाही. ज्या टेबलावर आम्ही थप्पीचे वेगळे पैसे मान्य केले होते, ते टेबल कल्याण निधीत सापडत नाही.

आणि ठरवण्यासारखं किती आहे! पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा चाकात भरतो, गाडी ढकलत न्यावी लागते. शहरातल्या एका इमारतीत दहा पार्सलं आणि येवद्याच्या वाटेवर दोन, तरी दर तोच. सगळ्यांत वाईट म्हणजे माघारी येणारं पार्सल. गिऱ्हाईक म्हणतो, पैसे नाहीत, उद्या आण. कधी फोनच उचलत नाही. कधी पार्सल उघडून बघतो आणि नको म्हणतो. चक्कर झाली, पेट्रोल जळलं, हिशोबात शून्य. आम्ही अडते इतके कंजूष, पण गाडीतून उतरवलेलं पोतं शेतकऱ्यानं परत नेलं तरी उतराई द्यावीच लागायची, नाही दिली तर दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानापुढे कोणी उभं राहत नसे.

मी त्या पोराला आमच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या हमालाकडे घेऊन गेलो. त्याची पाठ वाकली आहे, जीभ नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. दर किती, माणसं किती, मालक कुठला, असं काही विचारलं नाही. म्हणाला, "पयले लिहून ठेवा बापा. कागद नसन त मांगसान काय?"

पोरानं दोनशे पानी वही घेतली. आता चौघं मिळून तीत लिहितात: तारीख, गाव, किलोमीटर, पेट्रोल, पोचली किती, परत आली किती. परवा त्यानं मला ती दाखवली. सोळा पानं भरली आहेत. शेवटच्या ओळीवर माझी नजर थांबली: येवदा, चकरा 3, परत 3, रुपये 0. त्याच्यापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

ते का काढलं म्हणून विचारलं. तो म्हणाला, "यात उतराई लावाची का, काका? किती लावू?"

मी मुनीम माणूस. चष्मा पुसला आणि हिशोबाला बसलो.